टाकी, मोरी आणि मशीन

वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा मुरलेला मेकॅनिक उपनगरातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारतीत शिरला की लगेच मशीनला हात लावत नाही. आधी दोन गोष्टी विचारतो. तुमच्या डोक्यावर अजून किती मजले आहेत? आणि सोसायटी पाणी किती वाजता सोडते? मग तो मशीनचा नळ पूर्ण उघडतो, खाली बादली लावतो आणि घड्याळाकडे बघत उभा राहतो. घरातली मंडळी चक्रावतात. बिघाड मशीनचा, आणि हा बाबा बादली का भरत बसलाय?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या जुन्या घरांतून या मेकॅनिकला येणाऱ्या फोनांत दोन तक्रारी हमखास असतात. ‘मशीन पाणी घेत नाही’ आणि ‘मशीन पाणी सोडत नाही’. दोन्हींचं मूळ पुष्कळदा मशीनच्या बाहेर निघतं. कधी गच्चीवरच्या टाकीत, कधी भिंतीत गाडलेल्या गंजक्या पाइपात, कधी न्हाणीघराच्या उतारात. ही घरं ज्या काळात बांधली गेली त्या काळात पाणी साठवायचं असायचं आणि बादलीने वापरायचं असायचं. मशीन आलं ते चोवीस तास दाबाने येणारं पाणी गृहीत धरून. त्या दोहोंची गाठ इथल्या न्हाणीघरांत पडली, आणि ती का सुटत नाही हे कळायला या उपनगरांच्या पाण्याचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

मुंबईच्या नळाच्या पाण्याची सुरुवात उपनगरातच झाली, पण उपनगरासाठी नाही. विहार तलावाचं पाणी शहराला १८६० मध्ये मिळू लागलं, तुळशी तलाव १८७९ चा. दोन्ही तलाव आजच्या बोरिवली आणि मुलुंडच्या मधल्या डोंगरांत आहेत. १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं. त्याच्या जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या अंगाने शहराकडे गेल्या. ज्या गावांच्या शेजारून हे पाणी वाहत होतं, ती गावं मात्र विहिरींवर जगत होती. साष्टी बेटावरच्या या वस्त्या तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीतच नव्हत्या. धुणं विहिरीच्या काठावर, तळ्यावर नाहीतर ओढ्यावर. तुळशीच्या बाजूने निघून बोरिवली-दहिसरमधून खाडीला मिळणाऱ्या दहिसर नदीच्या काठावर तर अगदी अलीकडच्या काळापर्यंत धोबीघाट होते. शहरात महालक्ष्मीला दगडी हौदांचा धोबीघाट उभा राहिला तोही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नळाच्या पाण्याच्या भरवशावर.

चित्र बदललं ते स्वातंत्र्यानंतर, आणि त्या बदलात एका मराठी अभियंत्याचं नाव दोन ठिकाणी येतं. महापालिकेचे अभियंता एन. व्ही. मोडक यांनी अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांच्यासह १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला. शहराची वाढ उत्तरेकडे न्यावी, हा त्यातला एक मुख्य विचार. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपरसह जवळची उपनगरं महापालिकेत आली आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. त्याच सुमारास खालच्या वैतरणेचं धरण पूर्ण झालं आणि त्याच्या जलाशयाला मोडकांचंच नाव मिळालं, मोडक सागर. पुढे १९७० च्या दशकात ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईला सात तलाव पाणी देतात. त्यांची एकूण साठवण सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर आहे आणि शहराला रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी मिळतं.

आकडा मोठा आहे, पण तो सगळीकडे एकाच वेळी पोचत नाही. पाणी भांडुप संकुलात शुद्ध होतं, तिथून अंधेरीतल्या वेरावलीसारख्या टेकडीवरच्या जलाशयांत जातं आणि मग एकेका भागाला ठरलेल्या वेळी सोडलं जातं. रस्त्यातली झाकणं उघडून लांब दांड्याने व्हॉल्व्ह फिरवणारा महापालिकेचा चावीवाला हा या व्यवस्थेतला कळीचा माणूस. कुठे पहाटे दोन तास, कुठे संध्याकाळी तीन. निखिल आनंद या मानववंशशास्त्रज्ञाने उत्तर मुंबईतल्या पाण्यावर २०१७ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला. जोगेश्वरीच्या वस्त्यांमध्ये फिरताना त्याला लोकांच्या बोलण्यात सारखा एकच शब्द ऐकू आला, प्रेशर. पाणी आलं की नाही एवढंच लोक सांगत नव्हते, प्रेशर होतं की नव्हतं हे सांगत होते.

विजेच्या बाबतीत उपनगरांचं नशीब वेगळं होतं. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये सुरू झाली. पश्चिम उपनगरांत बटण दाबलं की वीज, हे कित्येक वर्षं अंगवळणी पडलेलं. वॉशिंग मशीनला लागणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक चोवीस तास हजर होती आणि दुसरी ठरल्या वेळी हजेरी लावून जाणारी होती. सगळी गोम इथे आहे.

पाणी ठरल्या वेळी येणार म्हटल्यावर इमारतींनी आपली सोय लावली. जमिनीखाली एक टाकी, तिथून पंपाने पाणी गच्चीवरच्या टाकीत, आणि तिथून उतरत्या पाइपांनी प्रत्येक घरात. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा यांनंतर उपनगरांत तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या, बहुतेक बिनलिफ्टच्या सोसायट्या भराभर उभ्या राहिल्या. हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीही होत्या: घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीला कन्नमवार नगर, अंधेरीला डी. एन. नगर. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या योजनेतून चारकोप आणि गोराईला लहान भूखंडांवर घरं झाली. या सगळ्यांत समान काय होतं? पाइप अर्ध्या इंची, जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे. सांडपाण्याचे पाइप बिडाचे. आणि घराच्या कोपऱ्यात मोरी.

मोरी म्हणजे वितभर उंचीचा कट्टा घालून वेगळी केलेली फरशी, भिंतीत एक नळ, कोपऱ्यात जाळी आणि जाळीखाली न्हाणी ट्रॅप. तिथेच आंघोळ, तिथेच धुणं, तिथेच भांडी. पाणी पिंपात भरून ठेवायचं आणि तांब्याने, बादलीने घ्यायचं. धुण्याचं पाणी एकदम ओतलं तरी कट्टा ते अडवतो आणि सावकाश जाळीतून जाऊ देतो. ही रचना इतकी सोयीची होती की पाण्याचा दाब किती, सांडपाणी मिनिटाला किती वाहून जातं, असे प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं.

वॉशिंग मशीनचा जन्म मात्र वेगळ्या घरात झाला. अमेरिकेत १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीने आणलेलं घरगुती स्वयंचलित मशीन गृहीत धरत होतं की नळ उघडला की दाबाने पाणी येईल, आणि सांडपाणी ओढून नेणारा पाइप जवळ असेल. भारतात ही मशीनं मध्यमवर्गीय घरांत दिसू लागली १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. औरंगाबादच्या धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने ती दूरदर्शनच्या पडद्यावरून घराघरांत पोचवली. व्हर्लपूल टीव्हीएसच्या भागीदारीत आली. कोलकात्याच्या आयएफबीने गोव्यात पुढून उघडणारी पूर्ण स्वयंचलित मशीनं करायला घेतली. १९९० च्या दशकात सॅमसंग आणि एलजी आल्या आणि बाजार फुलला.

तरी उपनगरांतल्या जुन्या घरांत टिकलं ते सेमी ऑटोमॅटिक. दोन टब असलेलं, दुसऱ्या टबात पिळून देणारं. कंपन्यांची विक्रीची भाषणं काहीही असोत, या मशीनची खरी ताकद होती ती मोरीशी जुळवून घेण्याची. पाणी नळीने भरा नाहीतर बादलीने ओता, त्याला फरक पडत नाही. नळ गेला तर पिंपातलं चालतं. पाणी सोडायचं तर बटण फिरवायचं, नळी मोरीत टाकायची, पाणी उताराने निघून जातं. चाकांच्या स्टँडवर मशीन ठेवायचं, धुण्याच्या वेळी मोरीपाशी ओढायचं, झालं की पुन्हा कपाटाशेजारी. पाण्याचा दाब नाही, वेळ नक्की नाही, जागा नाही, या तिन्ही अडचणींवर त्यात उत्तर होतं. झोपडपट्टीतल्या आणि चाळीतल्या घरांतही ते याच कारणाने शिरलं.

तक्रारी सुरू झाल्या त्या मालकांनी सेमी देऊन फुल्ली ऑटोमॅटिक घेतलं तेव्हा.

पूर्ण स्वयंचलित मशीनमध्ये पाणी आत घेणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. वीज मिळाली की त्यातला छोटासा मार्ग उघडतो, पण मुख्य रबरी पडदा उचलला जातो तो पाण्याच्याच दाबाने. बंद होतानाही दाबच पडद्याला खाली बसवतो. दाब कमी असला तर पडदा पुरता उघडत नाही, पाणी कारंज्याऐवजी धारेने येतं आणि मशीन वाट बघून थकतं. पडदा पुरता मिटला नाही तर उलट होतं. मशीन बंद आहे, रात्रभर कुणी हात लावलेला नाही, तरी सकाळी टबात पाणी साठलेलं असतं. जुन्या घरांतली ही तक्रार ऐकून बरेच जण व्हॉल्व्ह बदलतात. महिन्याभरात नवीनही तसाच वागायला लागतो.

हिशेब साधा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे सुमारे एक बार. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तिकांत निदान ०.३ ते ०.५ बार दाब मागितलेला असतो. चार मजली इमारतीत सर्वांत वरच्या घरात मशीन ठेवलं, तर त्याच्या व्हॉल्व्हपासून छत दोन मीटरवर. त्यावर गच्ची आणि फूट-दोन फूट चौथऱ्यावर बसवलेली टाकी. टाकी भरलेली असेल तर तीन-साडेतीन मीटर उंची मिळते, म्हणजे ०.३ बारच्या आसपास. त्यातून पाइपातल्या घर्षणाची वजावट. मशीन काठावर पास होतं, आणि टाकी अर्ध्यावर आली की नापास. याच इमारतीच्या तळमजल्यावर त्याच वेळी दीड बारच्या आसपास दाब असतो. डोक्यावर किती मजले, हा प्रश्न मेकॅनिक विचारतो तो यासाठी.

याहून फसवा प्रकार माळ्यावरच्या टाकीचा. १९७० च्या दशकात गुजरातेतल्या कलोलच्या सिंटेक्सने प्लॅस्टिकच्या टाक्या बाजारात आणल्या आणि पुढे पाणीटंचाईच्या वर्षांत उपनगरांतल्या घराघरांत न्हाणीघराच्या माळ्यावर दोनशे-तीनशे लिटरची टाकी बसली. सोसायटी पाणी सोडते तेव्हा टाकी भरते आणि दिवसभर पुरते. पुढे कुणीतरी मशीनचा नळ या टाकीच्या लाइनवर जोडतो. टाकीतलं पाणी व्हॉल्व्हच्या फार तर दीड मीटर वर असतं. म्हणजे ०.१५ बार, आणि टाकी उतरत गेली की तेवढाही नाही. बादली भरायला हे पाणी पुरेसं वाटतं, म्हणून घरच्यांचा विश्वास बसत नाही. मशीन मात्र अडतं. एलजीच्या मशीनवर ‘आयई’, सॅमसंगच्या मशीनवर ‘४सी’ अशी अक्षरं लुकलुकायला लागतात आणि कंपनीच्या सेवा केंद्राला फोन जातो.

कंपन्यांनाही हे उमगायला वेळ लागला नाही. व्हर्लपूलने वरून उघडणाऱ्या मशीनसाठी ‘झिरो प्रेशर फिल’ नावाचं तंत्र विकायला सुरुवात केली. ०.०१७ मेगापास्कल, म्हणजे १.७ मीटर उंचीच्या पाण्याइतक्या दाबावरही टब लवकर भरेल, हा त्याचा दावा. ज्या देशात गच्चीवरच्या टाकीखालीच माणसं राहतात त्या देशासाठी हा गुण आवश्यक आहे, हे त्यातून कबूल झालं.

दाब नीट असूनही पाणी न येण्याचं कारण शोधायचं तर पान्याने मशीनच्या मागची नळी सोडवायची. नळी जिथे बसते तिथे नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी दिसते. पकडीने ती ओढून काढली की जुन्या इमारतीचा इतिहासच हातात येतो. त्यात गंजाचे तांबूस पापुद्रे असतात, नळाच्या झिजलेल्या वॉशरचे काळे तुकडे असतात, टाकी धुतल्यानंतर आलेला गाळ असतो. जीआयचा पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण पन्नास वर्षांत आतून गंजाच्या गाठी वाढून वाट पेन्सिल जाईल एवढीच उरलेली असते. पाणीकपातीच्या दिवसांत जाळी तुंबणं वाढतं. २००९ मध्ये मुंबईत १५ टक्के कपात झाली होती, २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळा-पावसाळ्यातही १० टक्क्यांपर्यंत झाली. लाइन रिकामी होते, पुन्हा भरते, आणि भरताना गंज सुटून खाली येतो. कधी लाइनमध्ये हवा अडकते. प्लंबर म्हणतो, ‘एअर धरलीय.’ मग सगळ्यांत खालचा नळ उघडून हवा बाहेर काढावी लागते. जाळी ब्रशने धुवून परत बसवली की पुष्कळ मशीनं तिथेच चालू होतात, आणि एक रुपयाचाही पार्ट लागत नाही.

मुंबईचं तलावाचं पाणी तसं मऊ. त्यामुळे महापालिकेच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनला क्षारांचा त्रास थोडा. पण टंचाईत टँकर मागवला किंवा बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळलं की पांढरा थर व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात बसायला लागतो. त्याच सोसायटीत पूर्वी कधी न आलेली तक्रार अशा वर्षी अचानक येते.

दाब वाढवायचा सोपा उपाय म्हणून घरोघर छोटे प्रेशर पंप बसू लागले. यात एक भेद पाळावा लागतो. माळ्यावरच्या स्वतःच्या टाकीनंतर लावलेला पंप आणि महापालिकेच्या लाइनवर थेट लावलेला पंप या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यावर महापालिका कारवाई करते, कारण तो शेजाऱ्यांचं पाणी ओढतो. सोसायटीच्या उतरत्या पाइपावर कुणी परस्पर पंप लावला तर खालच्या घरांचा दाब जातो आणि सर्वसाधारण सभेत त्यावर वाद झाल्याशिवाय राहत नाही.

आता दुसरी तक्रार. पाणी सोडत नाही. इथे जुन्या घरांचा घोळ आणखी मजेदार आहे, कारण मशीनं दोन स्वभावांची असतात आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट.

भारतात विकली जाणारी वरून उघडणारी बरीच स्वयंचलित मशीनं पाणी उताराने सोडतात. त्यांची नळी जमिनीलगत राहिली पाहिजे. ती बेसिनच्या कडेवर चढवली, किंवा मोरीच्या उंच कट्ट्यावरून नेली, तर पाणी चढणार नाही आणि टब भरलेलाच राहील. पुढून उघडणारी मशीनं पंपाने पाणी फेकतात. त्यांच्या नळीचं टोक साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर, उभ्या पाइपात अडकवायचं असतं. युरोपातल्या घरात असा पाइप भिंतीत असतो. उपनगरातल्या जुन्या न्हाणीघरात तो नाही. मग नळी सोडली जाते फरशीवर, थेट जाळीच्या तोंडाशी. आता पाणी आत येतं आणि पंप चालू नसतानाही वक्रनलिकेच्या नियमाने बाहेर निघून जातं. मशीनला वाटतं टब भरलेला नाही, ते आणखी पाणी घेतं. धुणं सुरूच होत नाही, मीटर फिरत राहतो आणि मशीन शेवटी ‘पाणी येत नाही’ अशी तक्रार दाखवतं. भरण्याची तक्रार, आणि दोष सोडण्याचा. नवखा मेकॅनिक इथे हमखास फसतो. नळी कमरेएवढ्या उंचीवर बांधून बघणं हा याचा बिनखर्चाचा तपास.

नळीची उंची बरोबर असूनही पाणी तुंबलं तर नजर जाळीखाली जाते. न्हाणी ट्रॅप तीन-चार इंची, आणि त्यात सुमारे दोन इंच पाणी कायम उभं राहावं अशी रचना. ते पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. हा ट्रॅप तांब्या-बादलीच्या पाण्यासाठी होता. मशीनचा पंप मात्र मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी एकदम फेकतो. जाळीत केस आणि कापडाचा लगदा अडकला असेल तर पाणी न्हाणीघरभर पसरतं. १९९० नंतर घरोघर झालेल्या दुरुस्त्यांनी भर घातली. जुन्या लादीवर नवीन टाइल बसली, मोरीचा कट्टा तोडला गेला, ‘बाथरूम मोकळं दिसलं’, पण जाळीची पातळी खाली राहिली आणि उतार बिघडला. पूर्वी कट्टा जे पाणी अडवायचा ते आता दिवाणखान्याकडे निघतं.

बिडाच्या पाइपाचंही वय झालेलं असतं. उभा पाइप एक, आणि त्यावर चार मजल्यांच्या चार मोऱ्या. आतून खडबडीत झालेल्या पाइपात साबणाचा चिकट थर जमतो. मग तिसऱ्या मजल्यावर मशीन पिळायला लागलं की तळमजल्याच्या जाळीतून फेस वर येतो. तळमजल्याच्या बाई वर जाऊन भांडतात, वरचे म्हणतात आमचं मशीन ठीक चाललंय. दोघंही खरं बोलत असतात. इथे पावडरचाही हात असतो. हाताच्या धुण्यासाठीची फेसाळ पावडर स्वयंचलित मशीनमध्ये टाकली की फेस पंपात हवा भरतो. पंप घुरघुरतो आणि पाणी हलत नाही. एलजीच्या मशीनवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘५सी’ दिसतं ते अशा वेळी, किंवा पंपाच्या फिल्टरात नाणं, सेफ्टी पिन, लहान मुलाचा मोजा अडकला असेल तेव्हा.

बाल्कनीत ठेवलेल्या मशीनची कथा निराळी. १९७०-८० च्या इमारतींत ड्राय बाल्कनी नव्हती, पुढची गॅलरी होती. तिथे मशीन गेलं आणि नळी शिरली पावसाच्या पाण्याच्या पन्हळीत. ती पन्हळ मलनिःसारणाच्या वाहिनीला जोडलेली नसते, पर्जन्यजल वाहिनीला असते. म्हणजे साबणाचं पाणी नाल्यात, आणि तिथून ओशिवरा, पोयसर, दहिसर अशा एखाद्या नदीत किंवा खाडीत. उन्हाळ्यात पन्हळीत पाला आणि कबुतरांची पिसं साठली की हेच पाणी खालच्यांच्या गॅलरीत सांडतं. पावसाळ्यात पन्हळ भरून वाहते आणि मशीन पाणी सोडेनासं होतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतल्या कित्येक तळमजल्यांवर पाणी शिरलं आणि घरातली मशीनं बुडाली. त्यानंतर तळमजल्यावरची बरीच मशीनं विटांच्या चौथऱ्यावर चढली. वरून उघडणाऱ्या मशीनच्या नळीला त्यामुळे उतार मिळाला, आणि काही घरांतली जुनी तक्रार अशा आडवाटेने सुटली.

हे सगळं निदान करणारा धंदाही याच वर्षांत घडला. पहिल्या पिढीतले मेकॅनिक मिक्सर, पंखे आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांतून आलेले. सेमी ऑटोमॅटिकचा टायमर, पट्टा, मोटर यात त्यांचा हात बसला होता. स्वयंचलित मशीनमध्ये सर्किट बोर्ड आला तसे सुटे भाग शोधत काही जण लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे वळले. पुढे कंपन्यांची सेवा केंद्रं आणि मोबाइलवरून बोलावता येणारे तंत्रज्ञ आले. त्यांच्याकडे कंपनीची तपासयादी असते, त्यात इमारतीचा रकाना नसतो. प्लंबर म्हणतो मशीन खराब, तंत्रज्ञ म्हणतो प्लंबिंग खराब, आणि दोघांचे पैसे द्यावे लागतात. या भांडणात सोसायटीचे आदर्श उपविधी मात्र स्पष्ट आहेत. सामाईक पाइप आणि सांडपाण्याच्या सामाईक लाइनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, घरातल्या अंतर्गत जोडण्या सभासदाच्या खर्चाने. उभा बिडाचा पाइप तुंबला असेल तर तो एकट्या सभासदाने स्वतःच्या खिशातून साफ करून घेण्याचं कारण नाही.

चोवीस तास पाण्याचे प्रयोग उपनगरांत झाले. २००६ च्या सुमारास अंधेरी पूर्वेच्या के-पूर्व विभागात पाणीवाटप सुधारण्यासाठी जागतिक बँकेच्या मदतीने खासगी सल्लागाराचा अभ्यास झाला. खासगीकरणाच्या शंकेने त्याला विरोध झाला आणि तो बेत मागे पडला. २०१४ पासून मुलुंडच्या टी विभागात आणि वांद्र्याच्या एच-पश्चिम विभागात चोवीस तास पाण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला गेला. शहरभर चोवीस तास पाणी मात्र अजून आलेलं नाही. तोवर गच्चीवरची टाकी आणि ठरल्या वेळेचं पाणी हेच वास्तव आहे, आणि मशीनने त्याच्याशी जमवून घ्यायचं आहे.

म्हणून जुन्या घरात तपासाचा क्रमही तसाच हवा. आधी नळाचा प्रवाह, तोही सकाळच्या गर्दीच्या वेळी, दुपारी नाही. मग मागची जाळी. मग नळीची उंची, मशीनच्या प्रकाराप्रमाणे. मग न्हाणी ट्रॅप आणि पंपाचा फिल्टर. मग शेजारी-पाजारी चौकशी, त्यांनाही हाच त्रास आहे का. हे सगळं ठीक निघालं तर व्हॉल्व्ह, पंप आणि सर्किट बोर्ड. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा चालतो आणि बोर्ड पहिल्या दिवशीच बदलला जातो.

यातल्या पुष्कळ इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. पंतनगर, डी. एन. नगर, मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या सोसायट्या, सगळीकडे विकासकाशी बोलणी चालू आहेत. सभांमध्ये कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस आणि पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. प्लंबिंगचा नकाशा मात्र क्वचितच कुणी मागतं. करारावर सही करण्याआधी सभासदांनी चार गोष्टी लेखी घ्याव्यात. मशीनची ठरलेली जागा आणि तिथे स्वतंत्र नळ, भिंतीत कमरेच्या उंचीवर सांडपाण्याचा उभा पाइप, तो मलनिःसारणाच्या लाइनलाच जोडलेला असल्याची खात्री, आणि वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी सोसायटीच्या खर्चाने प्रेशर पंप. बांधकाम चालू असताना या गोष्टींना किरकोळ खर्च येतो. घराचा ताबा घेतल्यानंतर त्यासाठी टाइल फोडाव्या लागतात.